उघड्या टपाची गाडी आणि मामांचा सल्ला

तीर्थस्वरूप मामांस,

टपालातून जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. (म्हणजे ही ठीक आहे, आणि मी ठीक राहीन याकडे तिचं लक्ष आहे.) पत्रास कारण की, एका जुन्या गाडीच्या बाबतीत मन दोलायमान झालं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दंतवैद्य आहेत. गेल्या आठवड्यात त्यांना दाढ दाखवायला गेलो, तर माझं तोंड उघडं असतानाच त्यांनी विचारलं, "माझी गाडी घेता का?" नाही म्हणायची सोयच नव्हती. गाडी खिडकीखालीच उभी होती : टोमॅटोसारखी लाल, बावीस वर्षांची, दोनच दारं, आणि बटण दाबलं की अख्खा टप घडी होऊन मागे जातो. मामा, मी एकोणतीस वर्षं कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी करतो आहे. माणसं आली कधी, गेली कधी, सगळं तोंडपाठ. मधल्या काळात ती करतात काय, हा विचार त्या खुर्चीत आडवं पडून पहिल्यांदा मनात आला.

घरी कागदावर मधोमध रेघ ओढून फायदे-तोटे लिहायला बसलो. फायद्यांत 'हवा' लिहिलं आणि अडलो. तोट्यांची बाजू हिने माझ्या हातातून पेन घेऊन भरली, पाठपोटही. मग म्हणाली, "अहो, पंख्याखाली झोपलात तरी तुमची मान आखडते!" मी मान चोळत 'विचार करतो' म्हणालो.

विचार गाडीत बसूनच करावा म्हणून मंगळवारी कंबरदुखीची रजा टाकली. गाडी मी चालवत होतो. दंतवैद्य पांढऱ्या कोटासकट शेजारी. काय सांगू! वीस वर्षांत ज्यांनी जिन्यात माझ्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहिलं, त्या वरच्या मजल्यावरच्या बाई चक्क थांबून हसल्या. वाण्याने दुकानाबाहेर येऊन हात केला. (माणूस तोच, कपडे तेच. डोक्यावरचा पत्रा काढला की प्रतिष्ठा वाढते, हे आधी कुणी सांगितलं असतं तर!) सिग्नलला थांबलो तेव्हा टप कसा अलगद बंद होतो ते दाखवायला दंतवैद्यांनी बटण दाबलं. टप निम्मा वर आला आणि तिथेच ताठ उभा राहिला. शेजारी बस, आणि बसच्या खिडकीत आमचे साहेब. बंद गाडी असती तर त्यांना टप दिसला असता. इथे मी टकलापासून चपलांपर्यंत दिसलो.

"कंबर कशी आहे?" साहेबांनी वरून विचारलं.

"वारा लागला की बरं वाटतं, साहेब."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

मी शेजारच्या पांढऱ्या कोटाकडे बोट दाखवलं. दंतवैद्यांनी, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून, गंभीरपणे मान हलवली. तेवढ्यात सिग्नल सुटला, टपात वारा भरला, आणि ते सीटवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी टप धरून बसले. "तंबू कुठे ठोकायचाय?" मागून एक रिक्षावाला ओरडला. आणि मामा, मी हसायला लागलो. इतका, की गाडी कडेला घ्यावी लागली. शेवटचा असा कधी हसलो होतो, त्याची नोंद माझ्याकडे नाही.

तरी शहाण्या माणसाने असली गाडी घेऊ नये, हे मला पटतं. तुम्ही चार पावसाळे जास्त पाहिले आहेत. सावकाश विचार करून सल्ला द्यावा. त्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. गाडी घेतली. कालपासून दारात आहे.

आणखी एक : "ही कुणाची?" असं हिने विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून 'मामांची' असं गेलं. म्हणजे तुम्ही हौसेने घेतलीत आणि जागेअभावी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ठेवलीत. हिचा फोन आला तर 'हो' म्हणावं, एवढ्याचसाठी हे पत्र.

शेवटचं : हिने तुम्हाला फोन केलेला नाही. मामींना केला. मामी फक्त "येऊ देत त्यांना घरी" एवढंच म्हणाल्या. पत्र पोचायला तीन दिवस लागतात, म्हणजे तुमची बोलणी खाऊन झालेलीच असतील. आता खरं सांगून ती वाया घालवू नका.