डावा हात खिशात

सर, काल दोन मुली आणि एक मुलगा माझ्या दुकानात आले होते. इथे मुलुंडला आमच्या गल्लीच्या टोकाला बेकार पोरांना फुकट कॉम्प्युटर शिकवणारा एक वर्ग आहे. तो बंद करायचं घाटतंय म्हणे, आणि सोमवारी कोणी साहेब बघायला येणार आहेत. "आंटी, तुम्ही पण असा क्लास वाचवायला फिरला होतात ना? सांगा ना, आम्ही काय करू?" आता काय सांगू, कपाळ माझं? दुरुस्तीला उघडलेला हातातला टीव्ही तसाच राहिला. इतकी वर्षं झाली, पण आपण आपला विक्रोळीचा वर्ग वाचवायला निघालो होतो की बुडवायला, हे मला अजून खरंच कळलेलं नाही. त्यांना म्हटलं, उद्या या. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले.

तेव्हा बाबांची गिरणी बंद पडलेली, मी बारावी नापास, आणि आई उठता-बसता म्हणायची, काहीतरी कर गं बाई. विक्रोळीच्या समाजमंदिरात टीव्ही दुरुस्ती शिकवतात असं कळलं म्हणून आले. बघते तर सगळे मुलगे. तुम्ही कारखान्यातली पाळी संपवून पाचला यायचात, डब्याची पिशवी खुंटीला लावायचात आणि पहिलं वाक्य रोज तेच, "डावा हात खिशात." टीव्ही बंद केला तरी आतली पिक्चर ट्यूब करंट धरून बसते. एका हातातून दुसऱ्या हातात करंट जायचा तर वाटेत काळीज लागतं, म्हणून काम एकाच हाताने. माझ्या पंजाबी ड्रेसला खिसा कुठला असायला? तुम्ही दोन दिवस बघितलंत आणि तिसऱ्या दिवशी घरून काकूंनी शिवलेला ॲप्रन आणलात, तुमच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्याचा, डाव्या बाजूला एक खोल खिसा. मुलगे फिदीफिदी हसले. तुम्ही तुमच्या मालवणीत म्हणालात, "हसा रे. उद्या हीच तुमका शॉकापासून वाचयतली." मला तुमचा इतका राग आला होता, आणि घरी जाऊन मी तो ॲप्रन उशाशी घेऊन झोपले.

मग वर्ग बंद होणार असल्याचं वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. बेकार मुलं यात टिकत नाहीत, शिकूनही त्यांना काही येत नाही, असं काहीबाही त्यात होतं. आम्ही पेटलोच. गणेश मंडळाच्या फळ्यावर लिहिलं, चाळीचाळीत फिरलो, रविवारच्या सिनेमाच्या आत तुमचा टीव्ही नीट करून देतो, आम्हाला सही द्या. घाटकोपरपासून भांडुपपर्यंत लोकांनी सह्या दिल्या, वर चहा पाजला. वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेला तेव्हा सगळ्यात पुढे मी. शेवटी साहेब स्वतः बघायला यायला कबूल झाले, शनिवारी सकाळी दहा वाजता. तुम्ही आम्हाला फक्त एवढंच म्हणालात, "रोज बसता तसे बसा."

आपली रीत होती, की वर्ग सुटताना तुम्ही आठही टीव्हींमध्ये एकेक नवा बिघाड घालून ठेवायचात आणि दुसऱ्या दिवशी तो आम्ही शोधायचा. शुक्रवारी तसेच घालून तुम्ही गेलात. शनिवारी हॉल झाडायला आम्ही सातलाच आलो. मुलांनी तोरण लावलं. मला ते आठ काळे पडदे बघवेनात. मीच म्हटलं, "साहेब काय म्हणेल रे, सगळे बंद पडलेले? चला, चालू करून टाकू." दोन तासांत आठही काढले, सर! इतक्या झटपट आम्ही कधीच काढले नव्हते. सकाळी टीव्हीवर कार्यक्रम नसायचाच, तेव्हा आठही पडद्यांवर नुसत्या मुंग्या आणि खरखर. आम्हाला वाटलं, झकास.

तुम्ही साहेबांना घेऊन दारात येता आणि तुमचा चेहरा उतरतो. तो चेहरा आत्ता लिहितानाही दिसतोय. साहेब सगळीकडे फिरतात आणि म्हणतात, "चालूच आहेत की सगळे. मग ही मुलं शिकतात कशावर?" मग तुम्ही कोपऱ्यातला टीव्ही बंद करता, मागून उघडता, आमच्याकडे पाठ करून काहीतरी काढता आणि मला म्हणता, "शोध गो." मी आईची साडी नेसून आलेली. वाकले, पदर घसरला, तो सावरता सावरता डावा हात सरळ टीव्हीच्या आत गेला. तुम्ही स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तो हात फाडकन बाजूला उडवलात आणि साहेबांसमोर ओरडलात, "खिसो खंय तुझो?" मी म्हटलं, ॲप्रन धुवायला टाकलाय. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. महिन्याभरात वर्गाला कुलूप लागलं.

निर्णय आधीच झाला होता, ते बघणं नुसतं नाटक होतं, असं एक मुलगा सांगायचा. दुसरा म्हणायचा, नाही, अहवालात लिहिलंय की मुलांना साधी सुरक्षा शिकवलेली नाही. आणि हे तुमच्याबद्दल! सुरक्षा शिकवली नाही म्हणून! कोणाचं खरं मानू? आणि तुम्ही तरी कसे, सर. साहेब गेल्यावर शिव्या घालाल म्हणून आम्ही भिंतीला चिकटून उभे, तर तुम्ही चहा मागवलात आणि एकेक टीव्ही उघडून त्यात परत बिघाड घालत बसलात. "सोमवारी पाचाक या," म्हणालात. तुम्ही रागावला होतात, की आम्हाला आठही बिघाड सापडले म्हणून आतून खूश होतात? दोन वर्षांनी तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हा मी विक्रोळीच्या स्टेशनापर्यंत येऊन परत फिरले. काकूंना काय तोंड दाखवणार होते?

उद्या त्या पोरांना बहुतेक तुमचंच सांगेन, रोज बसता तसे बसा. हे पत्र काही कुठे जाणार नाही, ॲप्रनच्या खिशातच राहील. तो अजून आहे, रोज घालते. त्या शनिवारी तो धुवायला टाकला नव्हता, सर. तिथेच, माझ्या पिशवीत होता. साहेबांसमोर मला त्या लेंग्याच्या कापडाची लाज वाटली.