तिन्ही वेळा तेच उत्तर

प्रति,
मा. चाचणी अधिकारी,
मानसिक योग्यता तपासणी कक्ष,
दुसरा मजला, जिन्यासमोरील खोली.

विषय : क्रेनचालक पदासाठी अर्जदारास दिलेले मानसिक योग्यता प्रमाणपत्र रद्द करणेबाबत.

संदर्भ : 'तिन्ही चाचण्यांचे गुण तंतोतंत जुळत असल्याने निकाल विश्वसनीय आहे' या आशयाचे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार हा मालाच्या धक्क्यावर एकोणीस वर्षे क्रेनचालक आहे. मार्चमध्ये साखळी तुटून लोखंडी पेटी खाली आली व तिच्याखाली सापडून इशारेवाला मरण पावला. सदर इशारेवाला हा अर्जदाराच्या पत्नीचा धाकटा भाऊ होता. चौकशीत अर्जदार निर्दोष ठरला. घरात मात्र अजून कोणी कोणाशी धड बोलत नाही.

२. कामावर परत घेण्यापूर्वी आपल्या कक्षात अर्जदाराची एकशे वीस प्रश्नांची चाचणी झाली. महिन्याने तीच पुन्हा झाली आणि त्यानंतर शब्द फिरवून तिसरी. 'जवळ कोणी नसताना मला आवाज ऐकू येतात' या प्रश्नापुढे अर्जदाराने तिन्ही वेळा 'नाही'वर खूण केली. चाचणी घेणाऱ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "इतकी पक्की उत्तरं क्वचितच मिळतात हो." नेमके इथेच घोडे पेंड खाते.

३. आपल्या माहितीस्तव नमूद करतो की, क्रेनच्या केबिनमधून खालचा माल नीट दिसत नाही. कानातल्या यंत्रावरून इशारेवाला सांगेल ते करायचे, आपली अक्कल चालवायची नाही, असा कामाचा नियम आहे. अर्जदाराने अकरा वर्षे त्या एकाच आवाजाचे ऐकले. "दाजी, उचला" म्हटले की उचलले, "दाजी, थांबा" म्हटले की थांबला.

४. पहिल्या चाचणीच्या दिवशी अर्जदार वरील प्रश्नाला 'होय'वर खूण करणार, इतक्यात मागच्या रिकाम्या बाकावरून स्पष्ट ऐकू आले, "दाजी, नाही लिहा. नोकरी गेली तर ताई कशी जगेल?" अर्जदाराने तसे लिहिले. पुढेही झोप, भूक, रडू येणे याविषयीची सर्व उत्तरे त्यानेच सांगितली, आणि पुढच्या दोन्ही वेळी तो हजर होता. गडी मूळचा हसतमुख, पडल्या पडल्या घोरायला लागणारा. त्यामुळे गुण उत्तम आले. ते जुळले यातही नवल नाही, कारण सांगणारा एकच होता.

५. अर्जदाराच्या घरी एक वजनकाटा आहे. तो सहा किलो जास्त दाखवतो, रोज न चुकता सहाच. मेहुणा त्यावर उभा राहून म्हणायचा, "काटा खोटारडा आहे, पण शब्दाचा पक्का." आपली चाचणी शब्दाची पक्की आहे, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तिने मोजले कोणाला, एवढेच आपण तपासून पाहावे.

६. सोमवारी सकाळी क्रेन क्र. ४ वर रुजू होण्याचा आदेश आहे. खाली नवा इशारेवाला असेल. तो दोन लेकरांचा बाप आहे. तो "थांबा" म्हणाला आणि त्याच वेळी दुसरा "उचला" म्हणाला, तर अर्जदाराचा हात कोणाचे ऐकेल, हे अर्जदारास पक्के ठाऊक आहे. काल आपल्याच जिन्यात मेहुणा म्हणाला, "या दाजी कामावर. खाली मी आहेच." महोदय, ते ऐकून मला फार बरे वाटले. म्हणून हा अर्ज.

७. तरी सदर प्रमाणपत्र रद्द करावे. नियमाने ते शक्य नसल्यास, ज्याची चाचणी झाली त्याच्या नावे ते करून द्यावे व अर्जदारास घरी बसू द्यावे. चौथी चाचणी घेणे भाग असल्यास त्यापूर्वी मागचा बाक खोलीबाहेर काढावा, ही विनंती.

सोमवारच्या आत उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
क्रेनचालक, पहिली पाळी

दिनांक : ११ ऑक्टोबर, शुक्रवार

सोबत :
१. तिन्ही उत्तरपत्रिकांच्या प्रती.
२. अर्जदाराच्या पत्नीची चिठ्ठी. मजकूर : 'नोकरी गेली तरी चालेल. त्याला सांगा, ताई जगेल.'
३. याच अर्जाची काल लिहिलेली पहिली प्रत. तीत अर्जदारास काहीही ऐकू येत नसून तो सोमवारी कामावर येण्यास उत्सुक आहे, असे नमूद आहे. अक्षर अर्जदाराचेच आहे. कृपया ती ग्राह्य धरू नये.