मूठभर गांडुळं

प्रिय संशोधकबाई,

परवा तुझा फोन आला आणि भाजी करपतेय असं सांगून मी तो ठेवून दिला. करपत काही नव्हतं. तुझ्या या आचारी मामाला तुझ्याशी बोलायची लाज वाटत होती, म्हणून हे पत्र.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे तू गांडुळांच्या तीन पेट्या मांडल्यास, तेव्हा मी किती नाक मुरडलं होतं! सगळे म्हणत, गांडुळांना तेलकट चालत नाही. तू मात्र हट्टाला पेटलीस. भांड्यांच्या मोरीत साचलेली चरबी खरवडायची, सुक्या पाल्यात नि पुठ्ठ्याच्या तुकड्यांत कालवायची, आठवडाभर मुरू द्यायची आणि मग पेटीच्या एकाच कोपऱ्यात मूठभर घालायची. ती संपल्याशिवाय दुसरी मूठ नाही. माळीकाका तुला रोज पाला आणून द्यायचे आणि तू हक्काने त्यांच्या डब्यातलं खायचीस. परीक्षेला जाताना तू पेट्या माझ्या हवाली केल्यास. रोज शंभर पोरांना जेवू घालणाऱ्याला गांडुळं काय जड, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या बाई पाहणीला आल्या आणि नेमकी मोरी तुंबलेली. मी बढाई मारली, की आमची गांडुळं मोरीतली ही चरबी हा हा म्हणता फस्त करतात. त्यांच्यादेखत घमेलंभर चरबी, न कालवता, न मुरवता, तिन्ही पेट्यांवर थापली. बाई खूश होऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आंबूस वाफेचा भपका आला. चरबीखाली हवाच पोचली नव्हती. वर चढू शकलेली गांडुळं झाकणाला चिकटून मेली होती, बाकीची खालीच गुदमरली होती.

आणि तू आल्यावर मी काय सांगितलं? माळीकाकांनी गुलाबांवर फवारलेलं औषध पेट्यांवर उडालं म्हणून! तू त्यांना नाही नाही ते बोललीस, बोलणंच टाकलंस. मी तिथेच कांदा चिरत उभा होतो, मिठाची गुळणी धरून. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची नळी उचलून निघून गेले.

काल ते मागच्या दाराशी आले. ओल्या गोणपाटात बांधून आणलेली, त्यांच्याच वाफ्यातली मूठभर गांडुळं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, या खेपेला जरा दमानं खायला घाला, पोरीची मेहनत आहे. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

आता ते काम सोडून कायमचे मुलीकडे राहायला चाललेत, तू आता राहतेस त्याच शहरात. म्हणून हे पत्र टपालात न टाकता त्यांच्या हाती देतोय. पाकीट बंद करण्याआधी इथवरचं सगळं त्यांना वाचून दाखवलं, हात जोडले. पोरीला एवढं कशाला कळवताय, एवढंच ते म्हणाले. तुला मला जे काय बोलायचं ते सावकाश बोल, मी ऐकून घेईन. पण तू हे वाचतेयस तेव्हा ते दाराबाहेर उभे असतील. आधी त्यांना आत घे.

तुझाच,
खोटारडा मामा