उपाशी कलेजी

अब्बा, आज प्रयोगशाळेत जे पाहिलं ते सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही नाही, हे तेवढ्यापुरतं विसरलेच होते.

नागभीडच्या आपल्या मटणाच्या दुकानात तुम्ही कलेजी तळहातावर घेऊन जरा थांबायचात, अंगठ्यानं हलकेच दाबायचात. घरी आपण हिंदी बोलायचो, पण दुकानात तुमची बोली गिऱ्हाइकांची. मी पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुटीत आले होते. खेड्यावरची एक म्हातारी कलेजी मागत होती आणि तुम्ही म्हणालात, "आज नको नेऊ, बाई. हे कलेजी उपाशी हाये."

"उपाशी काऊन? बकरी तं चांगली गुबगुबीत होती."

"बकरीचं पोट भरलं, कलेजीचं नाई भरलं. नुसत्या तणसावर वाढली असन."

मी तिच्यासमोरच म्हटलं, "असं काही नसतं, अब्बा." म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. तुम्ही सुरी पुसली. "पुस्तक पुरं होऊ दे, बेटा, मंग बोल." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. पुस्तक पूर्ण व्हायच्या आधीच तुम्ही गेलात.

आम्ही इथे दोन कळपांना तेच भाताचं तणीस, तोच कोंडा खाऊ घातला. फरक एवढाच, की एका कळपाच्या खाद्यात जस्त आणि तांब्याचे क्षार मिसळले, चिमटीतही येणार नाहीत इतके थोडे. दोन्हीकडच्या बकऱ्या वजनाला सारख्याच भरल्या. मग त्यांच्या कलेज्या तपासायला आल्या. त्यांत एक प्रथिन असतं, जस्त-तांब्याला धरून ठेवणारं. ज्यांना क्षार मिळाले त्यांच्या कलेजीत ते भरपूर सापडलं, दुसऱ्यांत जेमतेम. मी आकडे पुन्हा पुन्हा पाहतेय. एवढासा कण पोटात जातो, कलेजीला त्याची खबर लागते आणि ती त्याला ठेवायला भांडं घडवायला घेते. कण यायचा थांबला की घडवणंही थांबतं. जनावराला यातलं काहीच ठाऊक नसतं, ते आपलं चरत असतं. इतकी वर्षं शिकून, शिकवूनही माझ्या अंगावर काटा आला.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. कुठली कलेजी कुठल्या कळपातली, हे सांगणाऱ्या खुणेच्या चिठ्ठ्या अजून उघडायच्या होत्या. मी हातमोजा घातलेल्या अंगठ्यानं एक कलेजी दाबली आणि तोंडातून निघून गेलं, "ही उपाशी." चिठ्ठी उघडली, तर ती क्षार न मिळालेल्या कळपातली निघाली. अंगठ्याला काय कळलं ते मला आजही सांगता येणार नाही. कुठल्याच पुस्तकात ते लिहिलेलं नाही. आमचे मोठे सर हसून म्हणाले, "हे कुठे शिकलात?"

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं लिहिते. मी म्हटलं, "सहज अंदाज केला, सर." माझे वडील मटण विकायचे, हे इथे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.