बर्फात राहिलेला हवालदार

आई, तुला टीव्हीवरचा तो हवालदार आठवतो का, बर्फात राहून गेलेला? गेल्या आठवड्यात धाकटीनं मला विचारलं, तुमच्या लहानपणी टीव्हीवर काय असायचं गं, आणि माझ्या तोंडून पहिल्यांदा त्याचंच नाव निघालं. नाव म्हणजे काय, हवालदारच. त्याचं खरं नाव आपल्या आळीत कुणीच लक्षात ठेवलं नव्हतं. तिला सांगत बसले आणि सांगता सांगता वाटलं, हे सगळं खरं तर तुलाच सांगायला हवं. तुला जाऊन वीस वर्षं होत आली. तेव्हा थोरला माझ्या पोटात होता.

कोरेगावजवळचं आपलं गाव, घराआड एक माणूस मिलिटरीत. अण्णांनी एका सुट्टीत कँटीनमधून ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला आणि आपला सोपा सार्वजनिक झाला. दर मंगळवारी बातम्या संपल्या की ती मालिका लागायची, छावणीत राहणाऱ्या फौजी कुटुंबांची. त्या दिवशी आळीत भाकरी लवकर व्हायच्या. बौद्धवस्तीतल्या मावशी, ज्यांचा मुलगा अण्णांच्याच पलटणीत होता, सगळ्यांच्या आधी येऊन पुढची जागा धरायच्या. मालिका हिंदी. लग्नानंतर वर्षभर तू अण्णांबरोबर क्वार्टरमध्ये राहिलेली, त्यामुळं हिंदी कळणारी तू एकटीच. पडद्यावरची मेमसाब दोन वाक्यं बोलली की तू पाच सांगायचीस. "येवढी पार्टी झाली, हिची भांडी कोन घासतंय गं?" कुणीतरी विचारलं, तर तू म्हणालीस, "तुझाच नवरा घासत आसंल, पत्रातनं इचार की." सोपा हसून हसून लोळला होता. त्या मालिकेत सगळे साहेबच. सोफे, कुत्री, बिनबाह्यांचे ब्लाउज. मग एके दिवशी तो हवालदार आला. त्याची बायको गावाकडं, डोक्यावर हंडा, कडेवर पोर. मावशी म्हणाल्या, "ही बग, ही आपली." तेव्हापासून बायका साहेबांचं बोलणं चालू असताना शेंगा फोडायच्या आणि हवालदार दिसला की हात थांबायचे.

आणि मग तो गस्तीवर गेला, वादळ झालं, बाकीचे परतले, हा मागं राहिला. भाग संपला. पुढच्या मंगळवारी त्याच वेळेला कुणी बाई पेटी घेऊन गात बसलेली. अँटेना फिरवून झाला, टीव्हीला चापट्या मारून झाल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. मालिका बंद पडली होती. का, ते आपल्याला कोण सांगणार? "बदली झाली आसंल त्यांची," मावशी म्हणाल्या, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पण उठायला कुणी तयार नव्हतं. "आन् त्यो? त्यो बर्फातच?" मी शाळेत जाणारी, शहाणी. मी म्हटलं, "मावशी, त्यो काय खरा हवालदार न्हाई. नट हाय. कवाच घरी जाऊन जेवला आसंल." तू गर्रकन वळलीस. "नट गेला आसंल घरी. हवालदार न्हाई गेला. गप बस." चारचौघांत तू मला असं कधी बोलली नव्हतीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांची पलटण तेव्हा काश्मीरमध्ये वर बर्फात होती, आणि दिवाळीनंतर त्यांचं पत्र आलेलं नव्हतं. मावशींनाही मुलाचं नव्हतं. यावर घरात कुणी काही बोलत नसे.

तू उठून टीव्ही बंद केलास, त्यावर क्रोशाचं झाकण टाकलंस आणि त्याच्याकडं पाठ करून बायकांसमोर बसलीस. "तर काय झालं," तू म्हणालीस, "त्यो बर्फातनं उठला."

तिथून पुढं मालिका तू चालवलीस. दर मंगळवारी त्याच वेळेला बायका यायच्या, टीव्ही झाकलेला, आणि हवालदार चालायचा. त्याला एक मेंढपाळ भेटला. तू मेंढपाळ पाहिलेले ते माणदेशातले, त्यामुळं काश्मीरचा तो म्हाताराही खांद्यावर घोंगडं टाकून "कुठलं पाव्हनं?" असंच विचारायचा. बायका म्हणाल्या, त्याला काहीतरी गरम खायला घाल, तर तू पिठलं घातलंस. बर्फात पिठलं कुठलं, असं मी विचारणार होते, पण एकदा बोलणी खाल्ली होती. मग एक नदी आली. ती ओलांडायलाच तू अख्खा मंगळवार घेतलास. मग तंबू, मग दवाखाना, मग आगगाडी. "आन की गं आता त्याला घरी," मावशी अजिजीनं म्हणायच्या. तू म्हणायचीस, "रस्ता लांब हाय, मावशी." शेवटी तो कोरेगाव स्टेशनात उतरला, स्टँडवर आला, आता घरीच, तर तू त्याला चुकून दहिवडीच्या गाडीत बसवलंस! काय भडकल्या होत्या बायका. "येवढा मिल्ट्रीतला गडी, त्याला पाटी वाचता ईना व्हय?" मीही त्यांच्यात सामील होऊन हसले. पोस्टमन त्या दिवशीही आपल्या दारावरून पुढं गेला होता, हे मला दिसलं होतं, पण दोन्हींची सांगड घालायचं माझं वय नव्हतं.

पुढं पत्र आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी होतं. अण्णा दवाखान्यात होते, उजव्या पायाची बोटं बर्फानं गेली होती, पण ते सुखरूप होते. मावशींचा मुलगाही ठीक होता. त्या मंगळवारी हवालदार दहिवडीहून परत फिरला आणि त्यानं आपल्या घराची कडी वाजवली. तू तिथंच थांबलीस. मग मावशीच म्हणाल्या, "बायकूनं भाकरतुकडा ववाळून टाकला, पायावर पानी घातलं, आन् आत घेतला. झालं." सगळ्या बायका डोळे पुसत उठल्या.

अण्णा काठी टेकत घरी आले, तेव्हा सोपा पुन्हा भरला. मावशींनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "नदी कशी रं वलांडलीस, बाबा?" अण्णांनी गोंधळून तुझ्याकडं पाहिलं. तू चहा गाळता गाळता नुसती मान हलवलीस. अण्णा म्हणाले, "लय गार व्हती, मावशी. पन वलांडली." "आन् दहिवडीला कशापायी गेला व्हतास?" अण्णांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "चुकलं," ते म्हणाले. बायकांचं समाधान झालं, आणि तू तोंडात पदर कोंबून आत पळालीस. तुझं ते हसू मला अजून जसंच्या तसं दिसतं.

आता मी इथं सांगलीत. यांची हळदीची अडत आहे, घरभर हळदीचा वास असतो. तू न पाहिलेला तुझा नातू आजोबांसारखाच मिलिटरीत गेला आणि या हिवाळ्यात वर बर्फात आहे. आता पत्राची वाट बघायची नसते, फोन लागत नाही एवढंच. मधे कुणी बाई हिंदीत तेच ते सांगते. धाकटी रोज संध्याकाळी विचारते, दादाचा आला का गं? पहिले काही दिवस मी तिच्यावर खेकसले. मग गेल्या आठवड्यात हवालदार आठवला आणि तिला म्हटलं, बस, सांगते.

आई, तुझे किती उपकार मानू? तू हे मागं ठेवलं नसतंस, तर मी नुसती फोन हातात घेऊन बसले असते. आता संध्याकाळ झाली की आम्हाला काम असतं. मेंढपाळ झाला, पिठलं झालं. नदीला धाकटीनं माझा हात घट्ट धरला होता. लहानपणी मला वाटायचं, तू ती गोष्ट आमच्यासाठी लांबवतेस.

हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही, अण्णांनाही दाखवायचं नाही. ते काठी घेऊन इकडं यायला निघतील. तुला तेवढं सांगते. आज हवालदार कोरेगावच्या स्टँडवर आला. समोर आपल्या गावची गाडी उभी होती, पाटी लख्ख दिसत होती, धाकटी म्हणाली, आता घरी ना? फोन अजून आलेला नाही, आई. मी त्याला दहिवडीच्या गाडीत बसवलं.