गोड, सौम्य, सुरुवातीला चालेल अशी

॥ श्री ॥
चेरीताल, जबलपूर
६ नोव्हेंबर २००६

चि. सौ. विनतास,
अ. उ. आ.

फोन तुझ्या दादांच्या उशाशी असतो आणि ते रिटायर झाले तरी त्यांचे कान झालेले नाहीत, म्हणून हे पत्र. वाचून हसायचं नाही.

हेमचंद्रने तुमच्या नाशिकची शरयू पसंत केली, हे आत्या म्हणून तुला माझ्याआधी कळलं. त्याबद्दलचा राग मी दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवला आहे. मुलगी शिकलेली, बोलण्यात अदब आहे. पण नोकरी वाइनच्या कारखान्यात! आल्यागेल्याला पेले भरून द्यायचे आणि कुठली कशी लागते ते समजावायचं. हेम म्हणतो, आई, तू तर कॉन्व्हेंटची, तुला काय त्याचं? अगं, कॉन्व्हेंटात वाइन फादर घ्यायचे. आम्ही मुली मागच्या बाकावरून नुसत्या बघायचो.

इथे मी सगळ्यांना सांगितलं आहे की ती जॅम-जेलीच्या कंपनीत आहे. तुझ्या दादांनाही तेच. द्राक्षं दोन्हीकडे लागतात, तेव्हा अगदीच खोटं नाही.

पुढच्या महिन्यात दोघं घर बघायला येताहेत. त्या दुपारी तुझे दादा कुंडमला एका लग्नाला जातील. मला मागासलेली सासू ठरायचं नाही, म्हणून टेबलावर एक बाटली ठेवणार आहे. तेव्हा मला कळव : गोड, सौम्य, सुरुवातीला चालेल अशी कुठली? तोंड वाकडं होऊ नये, डोकं गरगरू नये, आणि दुकानात नाव घेताना जीभ अडखळू नये.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
कुंदावहिनी


नाशिक
१५ नोव्हेंबर २००६

ती. स्व. कुंदावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हसू नको म्हणालात, म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून हसले.

आता नीट वाचा. बाटलीवर ‘ड्राय’ लिहिलं असेल तर ती गोड नाही, परत ठेवा. लाल घेऊ नका. नवशिक्याला ती बिनसाखरेच्या कडक चहासारखी लागते, मलाही लागली होती. ‘पोर्ट’ म्हणतात ती गोड असते, पण गोडाला फसू नका, ती चढते. पांढऱ्यातली ‘शेनिन’ मिळाली तर बघा, पण गोड आहे ना हे विचारून घ्या. नाहीतर ‘लेट हार्वेस्ट’ मागा. त्यात द्राक्षं वेलीवर जास्त दिवस पिकू देतात, म्हणून मधासारखी गोडी येते. अल्कोहोलचा आकडा जितका लहान, तितकी सौम्य. फ्रीजमध्ये थंड करा, पेला अर्धाच भरा, सोबत खारे काजू ठेवा. महाग म्हणजे चांगली असं समजू नका.

हे सगळं मला शरयूनेच शिकवलं. तिला समजावताना बघा एकदा. समोरच्याला आपण अडाणी आहोत असं वाटूच देत नाही. परवा तिने मला विचारलं की जबलपूरला तिची नोकरी माहीत आहे का. मी सांगितलं, माझी वहिनी तोंडाची तिखट आहे पण लपवाछपवी करणारी नाही. वहिनी, तेवढी जेली आधी निस्तरा. मला खोटी पाडू नका.

दादांना नमस्कार. आपला लोभ मला लागतोच.
आपली,
विनता


चेरीताल, जबलपूर
१९ डिसेंबर २००६

चि. सौ. विनतास,
अ. उ. आ.

कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून कमानिया गेटपलीकडच्या दुकानात गेले. डोक्यावरून पदर. शुद्ध इंग्रजीत ‘लेट हार्वेस्ट’ मागितली, तर दुकानदार म्हणाला, अम्मा, मीठा चाहिए तो रम में कोला मिला लो. मागून कुणीतरी वाकून नमस्ते मॅडम म्हणालं. माझा जुना विद्यार्थी मुरलीधर! सगळी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. धुळीतली एक शेनिन मिळाली, ती पिशवीत मेथीच्या जुडीखाली घालून आणली.

तू थंड कर म्हणालीस. पण जबलपूरचा डिसेंबर, त्यात मुलगी प्रवासाने शिंकत होती. आपल्याकडे द्राक्षासव कसं देतात? जेवणानंतर, तितकंच कोमट पाणी घालून. मी तसंच केलं, चांदीच्या फुलपात्रात. हेमने कपाळाला हात लावला. तिने मात्र शेवटच्या थेंबापर्यंत घेतलं आणि म्हणाली, सर्दीला बरं वाटलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर मीही तुझ्याबरोबर हसले असते. पण न बोलावता जाऊबाई आल्या. बेबीताईंचं नाक तुला माहीत आहे. बाटली मी सोफ्यामागे सरकवली. त्या शरयूला म्हणाल्या, काहून गं, एवढी जेली करून राहिलीस आणि सासरी एक डबी आणली नाहीस? विनता, मी बोलायला हवं होतं. मी टेबल पुसत राहिले. त्या मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हसून सांगितलं की चुकलंच, पुढच्या वेळी पेरूची आणीन.

माझं खोटं ती आपल्या तोंडाने बोलली.

बेबीताई गेल्यावर तिने हळूच विचारलं, बाबांनाही हेच माहीत आहे का? मी म्हणाले, चहा निवतोय.

काल हेमचा फोन आला. ती चिडलेली नाही, पण जन्मभर जेली करत बसणं तिला जमणार नाही, असं म्हणते. साखरपुड्याची तारीख तिने थांबवली आहे. मला आरशात बघवत नाही. तूच तिला समजाव.

लोभ ठेव, असं म्हणण्याचं तोंड नाही.
कुंदावहिनी


नाशिक
२ जानेवारी २००७

ती. स्व. कुंदावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मी तिला काय समजावू? तुमच्याबद्दल मी दिलेली ग्वाही खोटी ठरली, तेव्हापासून मीच तिच्यासमोर जायला लाजते. खोटं जिथे सांगितलंत तिथेच जाऊन मोडा, आणि मग पत्र तिला लिहा, मला नको.

लोभ आहे, म्हणूनच हे लिहिलं.
विनता


चेरीताल, जबलपूर
२२ जानेवारी २००७

चि. शरयूस,
अ. उ. आ.

हेमच्या बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की त्या मुलीला हे कळलं का. हो म्हटल्यावर ते ताटावरून उठले. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बायका तिळगूळ खात होत्या तेव्हा मी उभी राहून सांगितलं की माझी होणारी सून वाइनच्या कारखान्यात आहे, आणि जेली मी रचली होती, कारण मला लाज वाटली होती. बेबीताई म्हणाल्या, मग ती पोरगी त्या दिवशी जेली म्हणून राहिली होती ते काय? मी म्हटलं, माझी अब्रू झाकत होती.

दोघी वाण न घेताच गेल्या. बेबीताईंनी चलो म्हणत चपला घातल्या आणि मग दारातून परत आल्या. माझ्या कानाशी येऊन विचारलं, फार कडू असते का गं?

मी म्हणाले, शरयूला विचारा. तुझ्या वतीने असं बोलायचा मला हक्क नव्हता, त्याचीही आता लाज वाटते आहे. तू येशील की नाही, ते मी विचारत नाही. बेबीताई मात्र रोज विचारतात.

आशीर्वाद घेशील तर आहेत,
कुंदा