मुलीची लस आणि माझा सखोल अभ्यास

सोमवार, ३
मुलीच्या दीड महिन्याच्या लसीची तारीख आली. बायको म्हणाली, उद्याच जाऊ. मी म्हटलं, आधी अभ्यास. कारखान्यात एकेक कुकर तपासून मग पास करणारा माणूस मी, पोटच्या पोरीला काय टोचतात ते न बघता पास करू? विरोध अजिबात नाही. आई म्हणाली, लहानपणी लसीच्या दिवशी तू पाण्याच्या टाकीमागे सापडायचास. विषयांतर.

मंगळवार, ४
अभ्यासाला बसलो. पहिल्याच व्हिडिओत सुईचा क्लोजअप. डेटा संपला म्हणून बंद केला. घरात वायफाय आहे, पण तो मुद्दा वेगळा.

गुरुवार, ६
मुलगी दोनदा शिंकली. लस कॅन्सल. बायकोने क्लिनिकला फोन लावला. सिस्टर म्हणे, साध्या सर्दीत चालते. फोनवरून शिंक कशी कळते हिला?

शनिवार, ८
वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाला डांग्या खोकला. हॉस्पिटलात ठेवलंय. खोकताना निळं पडतं म्हणे. बायको दिवसभर पोरीला छातीशी धरून बसली. सोमवारी नक्की. हाफ डे टाकतो.

सोमवार, १०
हाफ डे टाकला नाही. तातडीची ऑर्डर होती. तातडी मीच काढली, पण ऑर्डर खरी. बायकोला फोनवर कळवलं, ती बरं म्हणाली. पटलं असावं.
संध्याकाळी पोरगी किरकिरी, अंग कोमट, मांडीला हात लावू देईना. बघा! आज लस दिली असती तर सगळं खापर लसीवर फुटलं असतं. थोडक्यात वाचवलं मी. आईला तसं म्हटलं, तर ती हसत आत गेली.

शुक्रवार, १४
वरचं बाळ अजून घरी आलेलं नाही. झोप उडाली आहे. अभ्यास पूर्ण. लस द्यायचीच.
मुलीला स्वतः उचलून क्लिनिकमध्ये नेलं. बायको फाइल घेऊन मागे. सिस्टरला म्हटलं, टोचा, माझी परवानगी आहे. ती म्हणाली, हिला आजी आणि आई सोमवारीच आणून टोचून घेऊन गेल्या. आजची अपॉइंटमेंट तुमची आहे. डांग्या खोकला बाळाला बऱ्याचदा घरातल्या मोठ्यांकडूनच होतो.
बाही वर केल्याचं आठवतं. नंतर एकदम बाकावर आडवा. बायको फाइलने वारा घालतेय, मुलगी तिच्या मांडीवर मजेत. झालं ना एकदाचं, मी विचारलं. सिस्टर म्हणाली, अजून सुई उघडलीच नाही.
मी लगेच दोनदा शिंकलो.
“साध्या सर्दीत चालते,” बायको म्हणाली.